वांग्याच्या रंगाचा कोट

"फोटोवाला कुठी मेला रे? अबे, पाहा ना त्याले! अंतरपाट धरला, भटजीचा घसा बसत आला, अन् फोटोवाला कुठी मेला?"

ओरडत होता तो नवरीचा मामा. त्याचा आवाज असा की केनवडात तो शिंकला तर रिसोडच्या बाजारात बैल दावं तोडायचे. आणि मी, म्हणजे तो मेलेला फोटोवाला, त्याच्यापासून दोन हातांवर घोंगडीवर मांडी घालून बसलो होतो. कपाळाला टिळा, गळ्यात हार, डोक्यावर नवीकोरी टोपी, खांद्यावर टॉवेल, मांडीवर नारळ आणि तोंडात पेढा. पाय नुकतेच धुतलेले, बोटांच्या बेचक्या अजून ओल्या.

"मी इथंच आहे," मी पेढ्याच्या आडून म्हणालो.

"बसा साहेब, तुमी आरामात बसा," मामानं मला हात जोडले आणि मान वळवून पुन्हा फोडला आवाज, "फोटोवालाऽऽ!"

"अहो, मीच तो..."

"साहेबाले पानी आना रे!"

पाणी आलं. पाण्याबरोबर दुसरा पेढा आला. तो गिळेपर्यंत शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला, रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता पाऊस पडावा तशा पडल्या, नवरीनं हार घातला, नवरदेवानं घातला, बँडवाल्यांनी गाल फुगवले. ज्या एका घडीसाठी मला वाशीमहून बोलावलं होतं ती माझ्या डोळ्यांदेखत आली आणि गेली. कॅमेरा नवरीच्या बापाच्या, म्हणजे पाटलाच्या, वाड्यात कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली पाटलीणबाईंच्या कमरेला. आणि पाटलीणबाई बोहल्याजवळ पदरात तोंड घालून रडत होत्या.

हे सगळं त्या कोटानं केलं. म्हणून आधी कोट सांगतो.

आमच्या घरात भिंतीवर एक फोटो होता. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात तोच फोटो होता. त्या फोटोत कोट होता, टाय होता, चष्मा होता आणि खिशाला पेन होतं. माझ्या बाचं कपड्यांबद्दलचं सगळं शिक्षण त्या एका फोटोवरून झालं. बा वाशीमच्या मार्केटात धान्याची पोती शिवायचा. हातात दाभण, कमरेला सुतळी. त्याच्या शिवणीतून ज्वारीचा दाणा तर सोडाच, ज्वारीचा वास बाहेर पडत नसे. अंगावर बंडी, त्या बंडीला भोकं किती आणि कापड किती हे सांगणं कठीण. पण मी फोटोच्या दुकानात लागलो, दोन वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुऊन काढले आणि शेवटी मालकानं मला लग्नाला पाठवायचं ठरवलं, त्या दिवशी बानं पहिला प्रश्न विचारला तो कपड्यांचा.

"काय घालून जाशीन?"

"पायजमा-सदरा. आनखी काय?"

"फोटोवाल्यानं कोट घालावा."

"काहून? लगन काय माह्यं हाये?"

बानं भिंतीकडे बोट केलं. "हा फोटो ज्यानं काढला, तो काय बंडीवर गेला असन?"

यावर वाशीमच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलानं बोलून दाखवावं.

कोट आला तो आठवडी बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून. परमुलुखातले कुणी उंच, रुंद साहेब मेले की त्यांचे कपडे आगबोटीनं येतात असं तो विकणारा सांगायचा. हा साहेब तर हत्तीवर बसणारा नसून स्वतःच हत्ती असावा. त्या कोटात मी, बा आणि वेळ पडली तर आमची शेळी, तिघं उभे राहू शकलो असतो. रंग वांग्याचा. भरताच्या वांग्याचा नाही, काटेरी देठाच्या त्या जांभळ्या वांग्याचा. बाला निळा हवा होता. निळा नव्हता. बा म्हणाला, उन्हात निळाच दिसते.

मग बानं मला शिंप्यापुढे उभं केलं. आमच्या घरात कपडा शिवायचा म्हणजे वाढाचं ठेवायची रीत. मी पाचवीतला सदरा आठवीपर्यंत घातला. शिंपी सवयीनं म्हणाला, "बाही सोडून ठेवतो जराशी. पुढं धाकट्याले होईन, नाई त तुमालेच होईन." बा म्हणाला, "नाई. याचंच माप घे. सुतभर जास्त नको, सुतभर कमी नको." उरलेल्या कापडात माझ्या बहिणीची दोन पोरं सात हिवाळे शेकली.

आता वैशाख महिना आणि लोकरीचा कोट. वऱ्हाडातला वैशाख ज्यानं सोसला आहे त्याला सांगायला नको. घाम मानेपासून निघून पाठीवरून उतरून बुटात साचायचा. संध्याकाळी बूट उलटा केला तर मिरचीचा एक वाफा भिजेल एवढा. पण कोट अंगात घालून मी आरशात पाहिलं आणि स्वतःलाच नमस्कार केला. कॅमेऱ्याच्या कातडी पेटीला पॉलिश मारलं, एस.टी.त बसलो आणि केनवडला उतरलो.

तिथं गावात एक गोष्ट आधीपासून शिजत होती, जी मला ठाऊक नव्हती. नवरदेवाचा मामा अकोल्याला कचेरीत मोठा साहेब. गावात कुणी त्याला कधी पाहिलेला नाही, पण सगळ्यांनी ऐकलेला. साहेब येणार, साहेबाचा मान राहिला पाहिजे, नाहीतर वऱ्हाड रुसेल, म्हणून पाटलानं दोन माणसं एस.टी.च्या थांब्यावर उभी केलेली. गाडी थांबली. गाडीतून उतरला कोट, हातात चमकणारी कातडी पेटी.

झालं! एकानं पेटी हातातून काढून डोक्यावर घेतली, दुसऱ्यानं छत्री धरली. मी म्हणालो, मी फोटोवाला. बँड माझ्या तोंडावरच सुरू झाला. मांडवाच्या दारात पाटील स्वतः तांब्या घेऊन उभा. मला पाटावर उभं केलं, बूट काढले आणि पाटलानं स्वतःच्या हातानं माझ्या पायावर पाणी घातलं, चोळून पाय धुतले, उपरण्यानं पुसले.

खोटं कायले बोलू? पहिला पाय धुतला तेव्हा मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. दुसरा पाय धुतला तेव्हा बंद केलं.

कारण मला ठाऊक होतं आणि पाटलाला ठाऊक नव्हतं. आमचं मूळ गाव केनवडच. याच पाटलाच्या लग्नात, याच दारात, माझ्या बानं डफडं वाजवलं होतं. मांडवाच्या आत नाही, बाहेर. सीमेपासून पारापर्यंत आणि पारापासून मांडवाच्या दारापर्यंत वाजवत यायचं, दारात थांबायचं आणि पंगती उठल्यावर काय उरतं त्याची वाट पाहायची. पुढे धम्म घेतला त्या साली बानं डफडं फोडून चुलीत घातलं. आई सांगायची, त्या दिवशीची भाकरी अशी टम्म फुगली की तव्यावरून उठून बाहेर फिरून आली. मग आम्ही वाशीमला आलो.

तर पाय धुतलेला मी घोंगडीवर बसलो, पेटी 'साहेबाचा ऐवज' म्हणून कपाटात गेली आणि अंतरपाट पडला. हार घालून झाल्यावर मामाचा आवाज बसला, बँड दम घ्यायला थांबला, तेव्हा कुठं माझं बोलणं लोकांना ऐकू गेलं. मी टोपी काढली, उभा राहिलो आणि म्हणालो, "मी फोटोवाला. पेटी कपाटात हाये."

एक म्हातारा काठीवर रेलून माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत होता. त्यानं विचारलं, "कोनाचा रे तू, बाप्पा? चेहरा ओळखीचा वाटून राह्यला."

मी बाचं नाव सांगितलं.

चुलाण्यावरचं वरण उकळायचं थांबलं. पाटलाच्या सदऱ्याच्या बाह्या अजून कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्यानं त्या बाह्यांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, मग पुन्हा बाह्यांकडे. बोलला काहीच नाही. बोलायचं म्हणजे कुणाचे पाय धुतले ते चारचौघांत कबूल करायचं, आणि व्याही तर समोर उभे!

तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यात, जिथं चपलांचा ढीग होता, तिथं एक धोतरवाले गृहस्थ उठून उभे राहिले. हातात मळकी छत्री. ते तासाभरापासून तिथं, वऱ्हाडाच्या पाठीमागं बसले होते आणि त्यांना कुणी पाणी विचारलं नव्हतं. ते होते अकोल्याचे साहेब.

नंतर मी पेटी सोडवून घेतली, जोडप्याचे फोटो काढले, दोन्हीकडच्या मंडळींचे काढले. नवरीचा मामा भटजींना म्हणाला, "अंतरपाट परत धरा ना दोन मिनिटं, फोटोपुरता." भटजी म्हणाले, "लगन एकदाच लागते." साहेब न जेवता गेले. नवरी पाटलाची थोरली मुलगी, तिच्या सासरी बोलायला दोन गोष्टी झाल्या. आमच्या साहेबाले पानी नाई विचारलं, अन् लग्नाचा खरा फोटोच नाई.

दुसऱ्या दिवशी मार्केटात जाऊन बाला सगळं सांगितलं. तो पोत्याचं तोंड शिवत होता. पाय धुतल्याचं आलं तेव्हा दाभण थांबलं.

"कोनी धुतले म्हंतं?"

"पाटलानं."

"सोताच्या हातानं?"

"हो."

"कोनता पाय पयले?"

"उजवा."

"मंग?"

"मंग डावा."

बानं थोडा विचार केला. "चोळून?"

"चोळून. उपरन्यानं पुसले बी."

बानं पुढचं पोतं ओढलं आणि शिवलं, त्याच्या पुढचं ओढलं आणि शिवलं. त्या दिवशी त्यानं एवढी पोती शिवली की वाशीमच्या मार्केटातलं धान्य संपलं. हमालांनी शेवटी हात जोडले. शेवटच्या पोत्याला गाठ मारताना मला म्हणाला, "फोटो चुकला ते वाईट झालं. पोरीचा काय गुन्हा?"

मला ते लागलं. पाय धुऊन घेताना ती मुलगी माझ्या मनात नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात पाटलाच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. दुसरा फोटोवाला आणावा तर पंचक्रोशीत एकच होता, आणि त्याच्या फोटोत माणसं अशी यायची की आई पोराला ओळखत नसे. पाटलाचा निरोप आमच्या मालकाकडे आला. मालक भला माणूस, पण घाबरट, इतका की फोटो काढताना गिऱ्हाइकाआधी त्याचेच डोळे मिटायचे. तो आमच्या घरी आला तो काखेत बोचकं घेऊन. बोचक्यातून त्यानं काढला बँडवाल्याचा लाल डगला. पितळी गुंड्या, खांद्यावर सोनेरी झालर.

"पाटील म्हंते, फोटोवाला पाठवा," मालक म्हणाला, "पन कोट नको. हे घालून बँडवाल्यासंग यावं, दारात थांबावं, हाक मारली का आत यावं, फोटो काढावा, बाहेर जावं. अन् खरं सांगू का, हे सोयीचं बी हाये. बँडवाल्याले कोनी अडवत नाई. कोनी पाटावर बसवत नाई."

मालक माझ्याकडे न पाहता बाच्याकडे पाहत म्हणाला, "पाटलाची सोयरिक मोठी हाये, भाऊ. तो तुटला त दहा लग्नं तुटते. एक त हे घाल, नाई त उद्या कॅमेरा दुकानात ठेवून दे. मी दुसरा मानूस पाह्यतो."

बानं तो डगला हातात घेतला. गुंड्यांवरून अंगठा फिरवला. नीट घडी केली, बाही बाहीवर, झालर आत. आणि मालकाच्या मांडीवर ठेवला.

"कपडा चांगला हाये. वाजवनाऱ्याले शोभते. वाजवनं वाईट हाये असं बी मी म्हनत नाई," बा म्हणाला. "पन म्या त्या दारात बाहेर उभं राहून लई वर्षं काढले. त्या दारात आमचं उभं राहनं पुरं झालं. पोरगा जाईन त कोटात जाईन, अन् फोटो काढीन. फोटो नाई निघाला त कॅमेरा मी सोता आनून देतो तुमाले."

मालक डगला घेऊन गेला. मी बाला म्हणालो, "बा, तू त बोलला. पन त्यायनं मांडवात चढूच नाई देलं त?"

"कोट आन."

सायकलची जुनी ट्यूब कापून त्यानं बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. त्या काळी आमच्याकडे एका फोटोला एक बल्ब लागायचा. बत्तीत घालायचा, भक्कन पेटायचा, जळायचा, टाकून द्यायचा. बल्ब लसणाच्या गड्ड्याएवढा. रिळात फोटो बारा, म्हणून बल्ब बारा. बानं पोती शिवायच्या दाभणानं, सुतळीनं कोटाच्या छातीवर पट्ट्यांचे बारा गाळे शिवले, सहा उजवीकडे, सहा डावीकडे. शिपायानं काडतुसं लावावी तसे बारा बल्ब त्यात बसले. मी कोट घातला तेव्हा आमची शेळी दोन पायांवर उभी राहिली.

"आता कोनी तुले साहेब नाई म्हननार," बा म्हणाला. "अन् एक ध्यानात ठेव. बसजो नको. घोंगडी टाकली तरी नको, गादी टाकली तरी नको. काम करनारा मानूस उभा असते." मग त्यानं मला एक वाक्य पाठ करायला लावलं. तीनदा म्हणून घेतलं.

मधेच सांगतो. आता लग्नात फोटोवाले, व्हिडिओवाले चार-चार येतात. कुणी काळ्या टी-शर्टात, कुणी अर्ध्या चड्डीत, आणि म्हणतात, आजोबा, आम्ही काय घालावं हो? मी म्हणतो, बाबा, पांढरं घालू नका, हळदीच्या बाया तुमचं पिठलं करतील. बुटाला नाडी नको, बोहल्यावर चढायचं तर बूट काढावा लागतो, आणि नाडी सोडेपर्यंत लग्न लागतं. खिसे भरपूर हवेत. एवढं सांगून मी थांबतो. पण मनातलं सांगायचं तर कपडा असा हवा की तुम्ही कोण हे दुरून कळावं, पण कुणाच्या सांगण्यावरून तो काढावा लागू नये. पोरं हसतात. हसू दे.

तर धाकटीचं लग्न. एस.टी.तून उतरलो तेव्हा थांब्यावर कुणी नव्हतं, पण गल्लीत शिरेपर्यंत मागं पंचवीस लेकरं होती आणि मांडवाशी पोचेपर्यंत शंभर. बल्ब उन्हात असे चमकत होते की बाया डोळ्यांवर पदर धरत होत्या. बँडवाले वाजवायचं सोडून पाहत राहिले. त्यातला एक म्हणाला, "काय रे भाऊ, लढाईवर चालला काय?" मी म्हणालो, "हो."

मांडवाच्या दारात नवरीचा मामा. "थांब! ओ वांगं! तुले सांगितलं होतं ना कोट नको म्हनून?"

मी दाराच्या आत एक पाय टाकला आणि तिथं थांबलो. आतही नाही, बाहेरही नाही. पाटील आला. या वेळी हातात तांब्या नव्हता. त्याचा आवाज मामासारखा मोठा नव्हता, पण खाली दगड असल्यासारखा होता.

"कोट काढ अन् आत ये."

मी बानं पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणालो. "पाटील, उजेड कोटावर हाये. कोट बाहेर राह्यला त उजेड बाहेर राह्यते."

"बल्ब काढून हातात धर."

"हात दोनच हायेत. एकात कॅमेरा, एकात बत्ती."

"मंग आमच्या मानसाजवळ दे. तो धरीन."

"देतो. पन हाताचा घाम लागला का फुटते. डोळा गेला त मले म्हनू नका."

हे बानं शिकवलेलं नव्हतं. हे मी जागच्या जागी बनवलं. बल्ब घामानं फुटत नाही, माझ्या छातीवर तर तो घामात पोहत होता. पण बल्ब धरायला पुढे झालेला माणूस तीन पावलं मागं गेला, आणि त्याच्या मागचे दहा.

आत मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी पहिलं संपवलं, दुसरं उचललं. पाटील दारातून हलेना, मीही हलेना. तिसरं झालं. मामानं माझ्या दंडाला हात घातला. मी म्हणालो, "हळू! बल्ब." त्यानं हात असा काढला जसा तव्यावर पडला होता.

चौथं सुरू असताना अंतरपाटाच्या मागून आवाज आला. नवरीचा. नवरीनं तेव्हा बोलायची रीत नव्हती, खाली पाहायची रीत होती. ती खाली पाहतच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, ताईले तिच्या सासरी अजून बोलून राह्यले फोटोपायी. माह्यं बी तसंच करता काय?"

भटजी श्लोकाच्या मधे अडकले. पाटलानं बोहल्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे कोटाकडे, वरपासून खालपर्यंत, एकेक बल्ब मोजत असल्यासारखा. मग तो दारातून बाजूला झाला.

"चढ," म्हणाला.

बूट दारात काढला, नाडी नव्हतीच. चार ढांगांत बोहल्याशी. कुणीतरी सवयीनं घोंगडी पुढे सरकवली. मी उभा राहिलो. पहिला बल्ब छातीवरून काढला, बत्तीत घातला. शेवटचं मंगलाष्टक, 'सावधान', अंतरपाट खाली, आणि नवरीनं मान वर केली त्याच क्षणी मी कळ दाबली.

तो उजेड! ओसरीत झोपलेला म्हातारा उठून आंघोळीला निघाला, त्याला वाटलं पहाट झाली. गोठ्यातली गाय दूध द्यायची वेळ झाली म्हणून हंबरली. दोन वर्षांनी मी पोहरादेवीच्या यात्रेत गेलो, तिथं एक अनोळखी बाई दुसरीला सांगत होती की केनवडच्या लग्नात विजेचा गोळा पडला आणि कुणाला काही झालं नाही. मी म्हणालो, बाई, तो गोळा मी.

मग मी पुढचे दहा फोटो काढले. आणि फोटो काढणाऱ्याचा एक हक्क असतो, त्याचं सगळ्यांना ऐकावं लागतं. "मामा, मिशी खाली. तोंड मिटा." मामानं मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा. "पाटलीनबाई, पदर जरासा मागं." शेवटी घरच्यांचा फोटो, मधे पाटील. तो समोर बघत नव्हता. बघायचं म्हणजे माझ्याकडे बघावं लागणार. "पाटील, इकडं पाहा. हनवटी जराशी वर." त्यानं पाहिलं. हनवटी वर केली. तो फोटो चांगला आला. डोळे उघडे आले, स्वच्छ.

निघताना पाटील दारात उभा होता. मी बूट घालत होतो. त्यानं माझ्याकडे न पाहता विचारलं, "बा हाये का अजून?"

"हाये. मार्केटात पोते शिवते."

"हे त्यानंच शिवलं?" त्यानं गाळ्यांकडे हनवटी केली.

"हो."

"दाभन चांगलं चालते त्याचं," पाटील म्हणाला आणि आत गेला. बस, एवढंच. मी एस.टी.त तेच वाक्य चार वेळा उलटंपालटं करून पाहिलं. त्यातून माफी निघते का पाहिलं. निघाली नाही. पण डफड्याचा उल्लेख नव्हता, हेही खरं.

मालकानं फोटो धुऊन पाहिले. डोळे उघडे ठेवून पाहिले. कॅमेरा माझ्याकडेच राहिला, पुढली बावीस वर्षं. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी केनवडहून सरळ मार्केटात गेलो. ऊन उतरत होतं, बा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं त्याच्यापेक्षा दुप्पट सांगितलं. नवरीचं बोलणं त्यानं दोनदा ऐकलं. पाटलाचं दाभणाचं वाक्य ऐकून त्यानं नुसतं दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

मग त्यानं कोटाकडे पाहिलं. अकरा गाळे रिकामे. बाराव्यात एक बल्ब.

"हा काहून उरला?"

"ठेवला. रिळात एक फोटो बी ठेवला." मी कोट काढला आणि त्याच्यापुढे धरला. "घाल, बा. तुहा फोटो काढतो. कोटातला."

त्यानं बंडीवरची धूळ झटकली, हात पुसले, कोट माझ्या हातातून घेतला. बाहीची शिवण पाहिली, खांद्याची पाहिली, एक सैल झालेला गाळा दाबून बसवला आणि कोट मला परत दिला.

"तुह्या मापाचा हाये," बा म्हणाला.